सेस्ना उतरवताना: पहिल्या सोलोआधी पक्क्या करायच्या गोष्टी

छोट्या विमानांच्या अपघातांचे अहवाल सलग वाचत गेलं की एक गोष्ट चटकन ध्यानात येते. सगळ्यात जास्त मोडतोड लँडिंगला होते. कुठे नोज व्हील मोडतं, कुठे प्रोपेलर जमिनीला लागतो, कुठे विमान धावपट्टी सोडून गवतात शिरतं. यातून माणसं बहुतेक वेळा आपल्या पायांनी बाहेर येतात. मात्र धावपट्टीसमोर येण्याआधीच्या शेवटच्या वळणावर, किंवा बिघडलेलं लँडिंग सोडून पुन्हा वर चढताना जे अपघात होतात, ते कितीतरी जास्त जीवघेणे ठरतात. अशा कित्येक अहवालांत इंजिन ठणठणीत असतं, हवा बरी असते, विमानात दोष सापडत नाही. कारण म्हणून शेवटी लिहिलेलं असतं: वैमानिकाची चूक.

वाचताना वाटतं, ती चूक शेवटच्या दोन सेकंदांत झाली. खरं तर तिची सुरुवात कितीतरी आधी झालेली असते. डाउनविंडला (धावपट्टीला समांतर, उलट दिशेने जाताना) वेग जास्त राहिला, म्हणून बेसला (धावपट्टीकडे आडवं वळल्यावर) उंची उतरली नाही, म्हणून फायनलला (धावपट्टीसमोरच्या शेवटच्या सरळ रेषेत) नाक खाली दाबलं, त्यामुळे वेग आणखी चढला, विमान धावपट्टीवर तरंगतच राहिलं आणि शेवटी ते बळेबळे टेकवलं. यातली कुठलीही एक कडी तोडली असती तरी भागलं असतं. त्या कड्या ओळीने समजून घेता याव्यात म्हणून हा लेख. गोंदिया, धुळे, शिरपूर किंवा आणखी कुठे नुकतंच उडायला शिकणाऱ्यांसाठी तो लिहिला आहे.

इथले आकडे सेस्ना १७२एस या विमानाचे आहेत. तुम्ही १५२ वर किंवा डायमंडवर शिकत असाल तर तुमच्या विमानाच्या हँडबुकमधले आकडे पाठ करा. पुस्तकात आणि या लेखात फरक दिसला तर पुस्तक खरं.

१. वाऱ्याचं गणित जमिनीवरच उरका

विमानात बसण्याआधी वारा कोणत्या दिशेने आणि किती नॉटचा (तासाला किती सागरी मैल) आहे ते लिहून काढा. धावपट्टीचा क्रमांक म्हणजे तिची दिशा भागिले दहा, हे तुम्हाला माहीत आहेच. समजा धावपट्टी २७ वापरात आहे आणि वारा २४० अंशांवरून १४ नॉटने येतोय. दोन्हींत फरक ३० अंशांचा. ३० अंशांना आडवा वारा निम्मा धरायचा, म्हणजे ७ नॉट. ४५ अंशांना साधारण सत्तर टक्के, ६० अंशांना नव्वद टक्क्यांच्या आसपास, आणि त्यापुढे पूर्ण. एवढं तोंडी करता आलं पाहिजे. १७२एसच्या हँडबुकमध्ये आडव्या वाऱ्याचा १५ नॉट हा आकडा दिलेला आहे, पण तो अनुभवी वैमानिकाने करून दाखवलेला आकडा आहे. पहिल्या सोलोसाठी, म्हणजे एकट्याने करायच्या उड्डाणासाठी, इन्स्ट्रक्टर तुम्हाला याच्यापेक्षा बरीच कमी मर्यादा घालून देतील. ती वहीत लिहून ठेवा आणि त्या दिवशी वारा एका नॉटने जरी वर असला तरी विमान हँगरमध्येच राहू द्या.

पाठीमागून येणाऱ्या वाऱ्याला नवखे फार हलक्यात घेतात. हँडबुकमधलं प्रमाण पाहा: समोरून ९ नॉट वारा असेल तर उतरायला लागणारं अंतर १० टक्क्यांनी कमी होतं. मागून वारा असेल तर दर २ नॉटला ते १० टक्क्यांनी वाढतं. म्हणजे मागून नुसता ६ नॉट वारा असला तरी ३० टक्के धावपट्टी जास्त लागते. टॅक्सी (जमिनीवर चाकांवरून जाणं) कमी करावी लागते, म्हणून सोयीच्या टोकाने उतरायचा मोह होतो. तो मोह हा आकडा आठवून सोडावा.

आपल्याकडच्या उन्हाळ्याचा विचारही इथेच करायचा. प्रमाण वातावरणात समुद्रसपाटीला १५ अंश सेल्सिअस धरतात आणि दर हजार फुटांना साधारण २ अंश कमी करतात. पुण्याच्या लोहगावची धावपट्टी १,९४२ फुटांवर आहे. तिथे प्रमाण तापमान झालं सुमारे ११ अंश. एप्रिलच्या दुपारी पारा ४० वर गेला की फरक २९ अंशांचा. प्रत्येक अंशाला १२० फूट धरले तर विमानाला ती जागा जवळपास साडेपाच हजार फूट उंचीवर असल्यासारखी वाटते. हवा विरळ, त्यामुळे इंजिनची ताकद कमी, पंखाची उचल कमी, प्रोपेलरची पकडही कमी. उतरताना एअरस्पीड इंडिकेटरवर ६५ नॉटच ठेवायचे, पण जमिनीवरचा खरा वेग ७० च्या पुढे असतो. विमान जोरात आल्यासारखं दिसतं, म्हणून काही जण वेग कमी करतात आणि स्टॉलच्या, म्हणजे पंखाची उचल तुटण्याच्या, जवळ जातात. डोळ्यांपेक्षा काट्यावर विश्वास ठेवा. शक्य असेल तर उन्हाळ्यात सकाळच्याच वेळा मागून घ्या. दुपारी नांगरलेल्या काळ्या रानावरून उठणारे झोत फायनलवरच्या विमानाला वरखाली फेकतात. त्यांच्याशी झुंजत लँडिंगचे पहिले धडे गिरवण्यात काही लाभ नाही.

२. डाउनविंड: इथे नीटनेटके राहा

सर्किटची, म्हणजे धावपट्टीभोवतीच्या फेरीची, उंची साधारण जमिनीपासून १,००० फूट. ती पन्नास फुटांच्या आत राखता येत नसेल तर पुढचं काहीच नीट होणार नाही. तपासण्या इथेच संपवा: फ्युएल, मिक्स्चर, ब्रेक, सीटबेल्ट, दरवाजे. १५२ सारख्या कार्ब्युरेटरच्या विमानात पॉवर कमी करण्याआधी कार्ब हीट (कार्ब्युरेटरला गरम हवा). बाहेर २५-३० अंश तापमान असलं तरी दमट हवेत कार्ब्युरेटरमध्ये बर्फ धरू शकतो. कोकणात किंवा पावसाळ्याच्या तोंडावर उडताना हे खास लक्षात ठेवा.

टॉवर नसलेल्या पट्टीवर रेडिओवर आपली जागा नेमकी सांगायची आणि इतरांची ऐकायची. सोबत धावपट्टीवर एक नजर टाकायची. कुत्री, गुरं, गवत कापणारी माणसं, घारी, यातलं काहीही तिथे असू शकतं. शंका आली तर आधी वरून एक फेरी मारून पाहा. त्यासाठी कोणी रागावत नाही.

टेकायच्या जागेच्या बरोबर बाजूला आलात की पॉवर कमी करा, पहिला फ्लॅप (पंखामागची खाली झुकणारी पट्टी) द्या, वेग ७५ च्या खाली आणा आणि ट्रिम करा, म्हणजे हातावरचा जोर निघेल. ट्रिम न करता योक (विमानाचं हँडल) हाताने धरून ठेवणारा विद्यार्थी फायनलपर्यंत थकलेला असतो आणि त्याचा वेग सतत वरखाली होतो.

३. बेसवरून फायनलला वळताना

ही पायरी हळू वाचा. जीव घेणारी चूक बहुधा इथे होते.

प्रसंग असा असतो. बेसला मागून वारा आहे, त्यामुळे विमान वाटलं त्यापेक्षा लवकर धावपट्टीच्या रेषेपाशी पोचतं. वळायला उशीर होतो. रेषा ओलांडली गेल्याचं दिसतं आणि ती परत गाठण्यासाठी मन घाई करतं. जमीन जवळ असल्यामुळे पंख जास्त तिरपा करायची भीती वाटते, म्हणून पाय आपोआप वळणाच्या बाजूचा रडर (शेपटीची उभी पट्टी फिरवणारं पेडल) दाबतो. नाक आत घसरतं, पंख आणखी झुकू लागतो, तो सावरायला हात योक उलट दिशेला फिरवतो. नाक खाली जातंय म्हणून योक मागेही ओढला जातो. आता आतला पंख बाहेरच्यापेक्षा आधी स्टॉल होतो आणि विमान त्याच बाजूला गिरकी घेऊन कोसळतं. पाच-सहाशे फुटांवर त्यातून बाहेर यायला उंचीच शिल्लक नसते.

वळणात योक मागे ओढला की स्टॉलचा वेग वाढतो. फ्लॅप नसताना १७२एस सरळ उडत असेल तर ४८ नॉटला स्टॉल होतं. उंची राखत ३० अंश तिरपं वळलात तर ५२ ला, ४५ अंशांना ५७ ला आणि ६० अंशांना ६८ नॉटला. म्हणजे सरळ उडताना जो ६५ चा वेग अगदी सुरक्षित, त्याच वेगाला तीव्र वळणात पंख उचल सोडून देतो. फ्लॅप दिलेला असेल तर आकडे थोडे खाली येतात, पण हिशेब तोच राहतो.

म्हणून नियम साधा ठेवा. सर्किटमध्ये ३० अंशांपेक्षा जास्त तिरपं व्हायचं नाही. वळताना स्लिप-स्किडची (विमान बाजूला घसरतंय का ते दाखवणारी) गोळी मधोमध हवी. धावपट्टीची रेषा ओलांडली गेली तर ओलांडू द्या, त्याच शांत वळणाने परत या. तेवढ्याने जमणार नसेल तर पॉवर देऊन वर चढा आणि पुन्हा सर्किट करा. हे वाचून सोपं वाटेल, पण कॉकपिटमध्ये पाय स्वतःहून दाबला जातो. तेव्हा एकदा इन्स्ट्रक्टरसोबत चांगल्या उंचीवर जाऊन असा स्किड होत जाणारा स्टॉल कसा वाटतो, ते बघून घ्या. अंगाला ती ओळख एकदा झाली की पुढे फार उपयोगी पडते.

४. फायनल: पाचशे फुटांचं फाटक

फायनलवर दोनच गोष्टींकडे नजर जात राहिली पाहिजे, टेकायची जागा आणि एअरस्पीड. काचेत टेकायची जागा एकाच ठिकाणी स्थिर राहिली तर तुम्ही तिकडेच चालला आहात. ती वर सरकू लागली तर तुम्ही कमी पडणार, खाली सरकू लागली तर पुढे जाणार. पापीचे (उतरण बरोबर आहे का ते दाखवणारे) दिवे असतील तर दोन पांढरे आणि दोन लाल हवेत. तीन अंशांच्या उतरणीला मिनिटाला किती फूट उतरायचं ते काढायला जमिनीवरचा वेग पाचाने गुणा. ६५ नॉटला सव्वातीनशे.

धावपट्टीची रुंदी डोळ्यांना फसवते. नागपूर विमानतळाच्या ३,२०० मीटर लांब, ४५ मीटर रुंद पट्टीची सवय झालेला विद्यार्थी अरुंद पट्टीवर आला की त्याला आपण फार उंच आहोत असं वाटतं. मग तो नकळत खाली येतो. चढाच्या धावपट्टीवरही असंच होतं. नव्या पट्टीवर जाण्याआधी तिची लांबी, रुंदी आणि उतार पाहून ठेवावा तो याचसाठी.

आता फाटक. जमिनीपासून ५०० फुटांवर स्वतःला मोठ्याने विचारायचं: वेग ठरलेल्या आकड्याच्या पाच नॉटच्या आत आहे? विमान रेषेवर आहे? उतरण योग्य आहे? फ्लॅप आणि तपासण्या झाल्या? एकाचंही उत्तर ‘नाही’ आलं तर गो-अराउंड, म्हणजे लँडिंग सोडून पुन्हा वर चढणं. दुरुस्त होईल, थोडं थांबून पाहू, असं म्हणायचं नाही. नवख्याने तर नाहीच.

वेग थोडा जास्त असला तर बरंच, असं बरेच जण मानतात. हा समज मला धोकादायक वाटतो. ६५ ऐवजी ७५ नॉटने आलात तर विमानातली ऊर्जा सुमारे ३३ टक्क्यांनी जास्त असते, कारण ती वेगाच्या वर्गाने वाढते. ही सगळी ऊर्जा जमिनीजवळ तरंगण्यात आणि ब्रेक तापवण्यात संपवावी लागते. वारा झोतांनी येत असेल तर झोताच्या फरकाच्या निम्मे नॉट वाढवा. त्याहून जास्त नको.

५. फ्लेअर आणि उडी

धावपट्टीपासून पंखाच्या लांबीइतक्या उंचीवर, १७२ ला साधारण ११ मीटरवर, विमान जमिनीच्या प्रभावात येतं आणि तरंगू लागतं. इथे नजर जवळच्या डांबरावरून उचलून धावपट्टीच्या लांबच्या टोकाकडे न्या. सायकल शिकताना पुढच्या चाकाकडे पाहत राहिलं की तोल जातो, तसंच हे आहे. पॉवर हळूहळू पूर्ण काढा आणि योक अलगद मागे घेत राहा, हाच फ्लेअर. विमान टेकवायचं नाही, त्याला टेकू द्यायचं नाही, असा प्रयत्न करत राहा. वेग संपला की मागची दोन चाकं आपणहून टेकतील.

उडी बसली, तर योक पुढे ढकलू नका. हात तसंच करू पाहतो आणि नोज व्हील तिथेच मोडतं. नाक ढकललं की पुढचं चाक आधी आपटतं, विमान परत उसळतं, आणि प्रत्येक उसळी आधीपेक्षा मोठी होते. उडी फूट-दोन फुटांची असेल तर नाक तसंच धरून ठेवा, किंचित पॉवर द्या आणि पुन्हा बसू द्या. त्याहून मोठी असेल, किंवा दुसऱ्यांदा उसळलं, तर पूर्ण थ्रॉटल (इंजिनची सगळी ताकद).

६. गो-अराउंड: सराव याचाच करा

फ्लाइंग स्कूलमध्ये लँडिंगचे आकडे मोजले जातात, गो-अराउंडचे कोणी मोजत नाही. त्यामुळे विद्यार्थ्याला वाटू लागतं की गो-अराउंड म्हणजे नापास. माझं ठाम मत उलट आहे. प्रत्येक अप्रोच हा गो-अराउंड करण्यासाठीच चालला आहे असं धरा, आणि सगळं जमून आलं तरच उतरा.

मोठ्या विमानांच्या बाबतीतही हेच झालं आहे. २२ मे २०१० रोजी मंगळूरला बोइंग ७३७ डोंगरमाथ्यावरच्या धावपट्टीपलीकडे गेलं आणि १५८ जण गेले. अप्रोच अस्थिर होता, सहवैमानिकाने गो-अराउंड सुचवलं होतं, कॅप्टनने उतरणं चालूच ठेवलं. ७ ऑगस्ट २०२० ला कोळिकोडला पावसात तसंच घडलं. विमान धावपट्टीच्या निम्म्या लांबीजवळ टेकलं, गो-अराउंडची सूचना पाळली गेली नाही, २१ जण दगावले. तिथे निदान शेजारी बोलणारा कोणी होता. सोलोमध्ये ती सूचना तुम्हालाच द्यायची आणि तुम्हालाच पाळायची आहे.

कृती अशी. थ्रॉटल एका दमात पूर्ण पुढे. कार्ब हीट असलेल्या विमानात ती बंद. त्याच क्षणी उजवा रडर, कारण पूर्ण पॉवरला नाक डावीकडे ओढतं. आणि योक पुढे दाबून धरा. हे महत्त्वाचं आहे. तुम्ही विमान कमी पॉवर आणि पूर्ण फ्लॅपला ट्रिम केलेलं असतं. पॉवर येताच नाक जोरात वर जातं, सोडून दिलं तर थेट स्टॉलकडे. हात दुखेल एवढा जोर लागतो. मग फ्लॅप ३० वरून २० वर आणि वेग ६० नॉट. चढ सुरू झाल्याचं दिसलं की १० वर; अडथळे ओलांडून ६५ नॉट मिळाल्यावर हळूच शून्यावर. सगळे फ्लॅप एकदम उचलले तर विमान खाली बसतं. रेडिओवर बोलणं सर्वांत शेवटी. टॉवरने काही विचारलं तरी आधी विमान सांभाळा.

७. आडवा वारा आणि टेकल्यानंतरचं

फायनलवर नाक वाऱ्याकडे वळवून रेषेवर राहता येतं. टेकण्याआधी रडरने नाक धावपट्टीच्या रेषेत आणा आणि वाऱ्याच्या बाजूचा पंख किंचित खाली धरा, म्हणजे विमान बाजूला वाहून जाणार नाही. आधी वाऱ्याकडचं चाक टेकेल, मग दुसरं, शेवटी पुढचं. चाकं टेकली म्हणून योक सोडायचा नाही. वेग कमी होईल तसा तो वाऱ्याकडे आणखी फिरवत न्यायचा. विमान धावपट्टी सोडून गवतात जातं ते बरेचदा इथे, जेव्हा वैमानिकाच्या मनात लँडिंग संपलेलं असतं. टाचा जमिनीवर ठेवा, नाहीतर रडरसोबत ब्रेकही दाबला जातो.

ओल्या धावपट्टीवर टायर पाण्यावर तरंगू शकतात. त्याचा अंदाज काढायचा तर टायरमधल्या हवेच्या दाबाचं, पीएसआयमध्ये, वर्गमूळ घ्या आणि ९ ने गुणा. ३६ पीएसआयला ५४ नॉट. म्हणजे आपण टेकतो त्याच वेगांच्या आसपास. तिथे ब्रेक दाबून उपयोग नाही. वेग नेमका ठेवणं आणि धावपट्टीच्या सुरुवातीला टेकणं, हाच उपाय.

८. पोचायचंच आहे, हा हट्ट

लायसन मिळाल्यावर, मित्राला किंवा घरच्यांना घेऊन निघाल्यावर हा हट्ट सुरू होतो. १६ जुलै १९९९ च्या रात्री अमेरिकी राष्ट्राध्यक्ष केनेडींचे पुत्र जॉन एफ. केनेडी ज्युनियर आपल्या पायपर साराटोगामधून पत्नी आणि मेहुणीला घेऊन अमेरिकेतल्या मार्थाज व्हिनयार्ड बेटाकडे निघाले होते. खाली समुद्र, धुरकट हवा, क्षितिज दिसत नव्हतं आणि त्यांच्याकडे इन्स्ट्रुमेंट रेटिंग (फक्त उपकरणांच्या आधारे उडण्याची पात्रता) नव्हतं. उतरायला लागल्यावर दिशाभान हरपलं आणि तिघेही गेले. विमान नीट चाललं होतं. आपल्याकडे स्थानिक आणि प्रशिक्षणाची परवानगीने होणारी उड्डाणं सोडली तर व्हीएफआर (बाहेर डोळ्यांनी बघून केलेली) उड्डाणं सूर्यास्तानंतर होत नाहीत, पण हिवाळ्यातली संध्याकाळची धूसर हवा सूर्यास्ताच्या बऱ्याच आधी क्षितिज पुसून टाकते. निघण्याआधी परतायची वेळ ठरवा, पर्यायी धावपट्टी ठरवा आणि सोबतच्यांना आधीच सांगून ठेवा की आज कदाचित दुसरीकडे उतरावं लागेल किंवा परत यावं लागेल. आधी सांगितलेलं असलं की हवेत तो निर्णय घेताना कोणाच्या चेहऱ्याकडे बघावं लागत नाही. झोप अपुरी झाली असेल, सर्दीचं औषध घेतलं असेल, घरी भांडण झालं असेल, तर त्या दिवशीचं उड्डाण पुढे ढकला.

९. उतरल्यावर वही काढा

प्रत्येक उड्डाणानंतर तीन ओळी लिहा: पाचशे फुटांवर वेग किती होता, ठरवलेल्या जागेच्या किती पुढे किंवा मागे टेकलात, आणि वारा काय होता. महिन्याभरात तुमची सवय कागदावर दिसू लागेल. बहुतेकांची सवय वेग जास्त ठेवण्याची निघते. जोडीला आपल्या एएआयबीचे, म्हणजे विमान अपघात तपासणाऱ्या सरकारी संस्थेचे, प्रशिक्षण विमानांचे अहवाल वाचा. ते सगळ्यांसाठी खुले असतात आणि त्यांतली विमानं, पट्ट्या, वारे तुमच्या ओळखीचेच असतात.

सोलोआधी इन्स्ट्रक्टरकडून तीन गो-अराउंड मागून घ्या: एक पाचशे फुटांवरून, एक फ्लेअरमधून आणि एक उडी बसल्यानंतरचं. निर्णय तुम्ही घ्यायचा, त्यांनी फक्त बघायचं. सोलोची तारीख ठरण्याआधी हे तिन्ही झालेले असावेत, असा आग्रह तुम्हीच धरा.